आल्डोनाने पारखलेलं नाणं

आल्डोना स्टाँकसच्या नजरेखालून गेलेला ठसा कधी परत आला नाही. बटणांच्या त्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ प्रेसवर आणि उरलेली पंचवीस टूलरूममध्ये, म्हणजे ठसे बनवायच्या खोलीत. सैनिकांच्या कोटांची बटणं तिथे बनायची. गरुड, नांगर, तोफा असलं काय काय पोलादाच्या ठशात उलटं कोरायचं आणि मग पितळेवर हाणायचं. टूलरूममध्ये ती एकटी बाई. टूलरूमचा प्रमुख असलेल्या म्हाताऱ्या ओटो क्रेमरने तिला प्रेसवरून उचलून तिथे नेलं, तेव्हा बाकीचे पुरुष महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. मग एकदा तिने नुसतं भिंग लावून सांगितलं, "गरुडाच्या डाव्या पंखाखाली ठसा तडकतोय, दुपारपर्यंत जाईल." साडेअकराला ठसा गेला. त्यानंतर नवीन ठसा प्रेसवर चढवायच्या आधी फोरमन विचारायचा, "आल्डोनाने पाहिलाय का?" पाहिला असला की विषय संपायचा.

नदीकाठच्या त्या गावात, कनेक्टिकटच्या खोऱ्यात, तेव्हा दोनच ठिकाणी काम मिळायचं. एक बटणांचा कारखाना आणि दुसरी पितळेची गिरणी. तिचा नवरा कॅझमिर गिरणीत होता. त्याला सगळे कॅझ म्हणत. माणूस बोलका, गाणारा, चर्चच्या हॉलमध्ये नाचणारा. त्याला नाद एकच, जुन्या तांब्याच्या नाण्यांचा. कनेक्टिकट राज्य तेव्हा स्वतःची नाणी पाडायचं, सतराशे पंच्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी, त्या चार वर्षांतली नाणी. एका बाजूला मुंडकं, दुसऱ्या बाजूला बसलेली बाई. त्या काळी ठसे हाताने बनवायचे, त्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा. कुठे अक्षर खाली सरकलेलं, कुठे पान जास्तीचं. पुढचा ठसा कोणता आणि मागचा कोणता, ती जोडी ओळखायची आणि डबीवर लिहून ठेवायची, हा असल्या नादिष्टांचा खेळ. कॅझसारखे दोन-अडीचशे लोक देशभर होते. त्यांचा एक क्लब होता, एक पत्रिका होती. ऑर्व्हिल टटल नावाच्या सफरचंदाच्या बागवाल्याने सगळ्या जोड्यांची यादी करून पुस्तकही छापलं होतं.

आल्डोनाला नाण्यांचं काही नव्हतं. पण एखादं अडलं की कॅझ ते तिच्यापुढे ठेवायचा. "आल्डी, हे बघ गं." ती बटाटे सोलताना हात पुसायची, भिंग लावायची आणि सांगायची, "ही भेग आधीची. हे दुसरं नाणं नंतर पाडलंय." कॅझ ते लिहून घ्यायचा.

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या शरद ऋतूत गिरणी बंद झाली. कॅझ तेव्हा एकोणपन्नासचा. आधी आठवडाभर तो हसत होता, मग नोकरीच्या रांगेत उभा राहिला, आणि नाताळानंतर सोफ्यावर आडवा झाला तो उठेचना. बनियन तोच, दाढी वाढलेली, टीव्ही चालू आणि आवाज बंद. रेजिना, त्यांची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. ती शाळेतून आली की बाबाला बघून पाय न वाजवता जिना चढायची. आल्डोना कामावर जायची, यायची, रांधायची. तो काही मागायचा नाही, भांडायचाही नाही. तेच तिला जास्त लागायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, तिने नाण्यांचा खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून आपटला.

"यातल्या अर्ध्या डब्यांवर काही लिहिलेलं नाही. बस आणि लिही."

तिला वाटलं होतं, तो ऐकणार नाही. तो उठला, खुर्चीत बसला. तासभर पेन्सिलीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "हे कशाशी जुळत नाही."

पाच दिवसांत त्याचं हे पहिलं वाक्य होतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात अठरा डॉलरला घेतलेलं काळपट नाणं होतं ते. मागच्या बाजूला बसलेल्या बाईच्या डोक्याशी अक्षरं होती, त्यातल्या E चा खालचा पाय लांब होऊन बाईच्या हातातल्या फांदीला टेकला होता. पुस्तकात असा ठसा नव्हता.

"बघ ना आल्डी. खरंच ठशातलं आहे का हे?"

तिने भिंग लावलं. तिला दोन सेकंद लागले. अक्षर ठशातून उठलं की तांबं त्याच्याभोवती वाहत जातं, कडा गोल राहते. इथे कडा उभी होती आणि बाजूला बारीक ओरखडे होते. कुणीतरी कधीकाळी कोरणीने आजूबाजूचं तांबं खरवडून तो पाय उभा केला होता. करमणूक म्हणून असेल, किंवा कुणाला फसवायला. पाय वगळला तर नाणं नेहमीचंच होतं, पैशाला पासरी मिळणारं.

तिने मान वर केली. कॅझ दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पुढे वाकला होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

"ठशातलंच आहे," ती म्हणाली.

कॅझ उठला आणि न्हाणीघरात गेला. थोड्या वेळाने वस्तऱ्याचा आवाज आला.

पुढच्या शनिवारी ऑर्व्हिल टटल घरचा ॲपल पाय घेऊन गाडी हाकत आला. उंच, कोरडा, एका वाक्यात तीन टोमणे मारणारा माणूस. त्याने दहा मिनिटं नाणं डोळ्याशी धरलं, मग शेगडीपाशी उभ्या असलेल्या आल्डोनाकडे वळला.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग झालं. कॅझ, लेका, बटणवाली बायको केलीस म्हणून तुझं नशीब. नाहीतर तुला घोडा आणि गाढव यातला फरक कळला नसता."

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या ठशाला यादीत ओळखीचं स्वतंत्र अक्षर मिळालं. खाली एक ओळ आली: एकच नमुना ज्ञात, शोध कॅझमिर स्टाँकस. कॅझला एका शाळेत देखभालीचं काम मिळालं. पण लोक त्याला ओळखायचे ते त्या नाण्यामुळे. लायब्ररीत भाषण, क्लबच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत खुर्ची, ओरेगॉनहून, टेक्सासहून पत्रं. तो पुन्हा गायला लागला. एकवीस वर्षं अशीच गेली. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये टपाल कचेरीच्या रांगेत, हातात पाकीट घेऊन, तो खाली बसला आणि तिथेच संपला.

आल्डोनाला रडू आलं नाही. हॉस्पिटलने एका पिशवीत त्याचे बूट, पट्टा आणि ते पाकीट दिलं. तिने पाकीट परत नेऊन टपालपेटीत टाकलं, कारण त्यावर तिकीट लावलेलं होतं. अंत्यविधीला चर्चमधल्या लिथुएनियन बायकांनी बटाट्याचा कुगेलिस आणला, एवढा की तीन शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवावा लागला. बायका तिला मिठीत घ्यायच्या आणि ती वाट बघायची, कधी सोडतायत. सांत्वनाच्या कार्डांना तिने सगळ्यांना एकसारखी उत्तरं लिहिली, टूलरूममधल्या चौकोनी अक्षरांत. उन्हाळ्यात एकदा शेगडीवर हात भाजला, ते तिला वासावरून कळलं.

"डॉक्टरांना दाखव गं," रेजिना म्हणाली.

"हात बरा आहे."

"हाताबद्दल नाही म्हणत मी."

रेजिना आता छत्तीसची होती. हार्टफर्डला एका दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि दर रविवारी यायची. नाणी विकायचं तिनेच ठरवलं. घराचं छप्पर गळत होतं, आणि आईला त्या अकरा खोक्यांच्या सोबतीने एकटं ठेवणं तिला बरं वाटत नव्हतं. आल्डोना म्हणाली, "विकून टाक." बॉस्टनच्या लिलाववाल्यांचा माणूस आला, पावती करून खोके घेऊन गेला. जागा मोकळी झाली तिथे तिने इस्त्रीची फळी ठेवली.

डिसेंबरात लिलावाचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर तेच नाणं, ताटाएवढं मोठं करून छापलेलं. आत दोन पानं कॅझवर, त्याचा मेळाव्यातला फोटो, आणि अंदाजे किंमत: चाळीस हजार डॉलर. नाण्याचा फोटो फार चांगला होता. E च्या पायाशेजारचे ओरखडे तिला भिंगाशिवाय दिसले. तिने पुस्तक मिटलं, बीट चिरायला घेतले. रेजिनाचा फोन आला.

"बघितलंस? बाबाने बघायला हवं होतं, मा!"

"फोटो चांगलाय," आल्डोना म्हणाली.

सहा आठवडे तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिला त्याचा त्रासही होत नव्हता. ते नुसतं तिथे होतं.

लिलाव जानेवारीत, बॉस्टनच्या एका हॉटेलात. आदल्या दिवशी सकाळी नाणी बघायला ठेवली होती. रेजिना तिला गाडीतून घेऊन गेली. गालिच्याच्या मोठ्या खोलीत ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि वाकलेली माणसं. बरेचसे कॅझच्या वयाचे, बरेचसे कॅझसारख्याच चौकटीच्या शर्टातले. दोघातिघांनी उठून तिचा हात हातात घेतला. ऑर्व्हिल टटलही काठी टेकत आला होता, ब्याऐंशीचा.

"अजून जिवंत आहेस?" आल्डोनाने विचारलं.

"बातमी अजून पक्की नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

टेबलामागे कोरा विन्स्लो होती, लिलावाचं पुस्तक लिहिणारी बाई. पन्नाशीची, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. ती उभी राहिली.

"मिसेस स्टाँकस, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. तुमच्या यजमानांचं नाणं उद्याचं मानाचं आहे."

"बघू का मी?"

"अहो, तुमचंच तर आहे!"

आल्डोनाने पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. नाणं कडेने धरलं, प्रकाश डावीकडून पडेल असा दिवा सरकवला. तिला पुन्हा बघायची गरज नव्हती. पण पारखून मगच सांगायचं, अशी तिला सवय होती.

"हे कोरलेलं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"E चा पाय. ठशातला नाही. नाणं पाडून झाल्यावर कुणीतरी कोरणीने केलाय. कड उभी आहे बघा, आणि हे ओरखडे पायाशी येऊन थांबतात. पाय सोडला तर मागचा ठसा तुमच्या पुस्तकात पुढच्याच पानावर आहे, नेहमीचा."

कोराने चष्मा चढवला, भिंग घेतलं. रेजिना आईच्या मागे उभी होती. "मा," ती हळूच म्हणाली, "काय करतेयस तू?"

कोराला बराच वेळ लागला. तिने शेजारच्या खोलीतून सूक्ष्मदर्शक मागवला, त्याखाली पाहिलं, मग ऑर्व्हिलला हात केला. ऑर्व्हिल वाकला तो वाकलाच. शेवटी सरळ झाला आणि आधी खुर्ची शोधून बसला.

"अठ्ठ्याऐंशीत मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

ऑर्व्हिल तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे एकवीस वर्षं मी छापील गाढव. आणि तू दर रविवारी चर्चला जात होतीस."

"हो."

"का गं?"

"तो उठत नव्हता," आल्डोना म्हणाली.

ऑर्व्हिलला तेव्हाचं कॅझचं घर आठवलं असावं. तो काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "एक सांगतो. त्या शनिवारनंतर कॅझने ते नाणं कुणाला भिंगाखाली धरू दिलं नाही. डबीतून दाखवायचा, हातभर लांबून. मलासुद्धा. मी म्हणायचो, डोक्यात हवा गेलीय लेकाच्या."

आल्डोनाने भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन नेहमी अडायची तशी अडली. तिने ती पुन्हा मागे घेऊन लावली. कॅझच्या नजरेलाही नाण्यांचा वीस वर्षांचा सराव होता. हा विचार ती पुढे नेऊ शकली असती, पण तिने नेला नाही.

"मिसेस स्टाँकस," कोरा म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर उद्या ते विकलं गेलं असतं. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"उद्या मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"सांगा."

रेजिना गाडीत बसली. दार लावल्यावर फुटली.

"चाळीस हजार! छपराचं जाऊ दे, मला पैशाचं काही नाही. पण त्याचं नाव होतं त्यावर! त्याच्याकडे दुसरं काय होतं, मा? शाळेची फरशी पुसायचा तो. तू त्याचं नाव पुसून टाकलंस."

"नाव मीच लावलं होतं."

"म्हणजे तू तेव्हा खोटं बोललीस?"

"हो."

"माझ्या आयुष्यात तू मला एकदा खोटं बोलू दिलं नाहीस. चौथीत गृहपाठ कुत्र्याने खाल्ला म्हटलं, तर कुत्र्याला घेऊन शाळेत आलीस."

"आठवतंय."

"मग तेव्हा खोटं, तर आता खरं कशाला?"

आल्डोनाने पुढच्या काचेतून पाहिलं. एक माणूस बर्फावर मीठ टाकत होता.

"तेव्हा तो समोर बसला होता," ती म्हणाली.

रेजिनाने किल्ली लावली, पण फिरवली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती रडली, बराच वेळ. आल्डोनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वतःच्या आत काही हलतंय का, तेही पाहिलं. काही हलत नव्हतं. हाताखाली कोटाची लोकर खरखरीत होती, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी मागच्या रांगेत बसल्या. कोराने माईकवर वाचून दाखवलं की मुखपृष्ठावरच्या नाण्याचं वर्णन मागे घेण्यात येत आहे, मागचा ठसा नेहमीचा आहे, एक अक्षर मागाहून कोरलेलं आहे, आणि ही गोष्ट स्वतः मालकिणीने लक्षात आणून दिली. खोलीत कुजबुज झाली, माना वळल्या. कुणी तिच्याकडे रागाने पाहिलं नाही. काहींनी पाहिलंच नाही. नाणं दोनशे दहा डॉलरला गेलं. हिरव्या स्वेटरच्या एका माणसाने बोलीची पाटी वर केली, आणि पुढचं नाणं पडद्यावर आलं. बाकीची नाणी ठीक गेली. ती कॅझने नीट निवडली होती. त्यांच्यावर अर्धं छप्पर झालं.

मार्चमध्ये क्लबची पत्रिका आली, अजून कॅझच्याच नावाने. आत ऑर्व्हिलने चार ओळी लिहिल्या होत्या. अमुक अक्षराचा ठसा अस्तित्वात नाही, नोंद रद्द समजावी, चूक पुस्तककर्त्याची. तिचं नाव कुठे नव्हतं, कॅझचंही नव्हतं. तिने त्याला पोस्टकार्ड टाकलं: चूक तुझी नव्हती. आठ दिवसांनी उत्तर आलं: पुस्तक माझं आहे.

एप्रिलमध्ये जमीन मऊ झाल्यावर कॅझचा दगड बसवला. रेजिनाच्या मनात होतं की त्यावर एक नाणं कोरावं. जानेवारीनंतर तिने तो विषय काढला नाही. दगडावर नाव आणि जन्म-मृत्यूची दोन वर्षं, बस. आल्डोनाने वाकून अक्षरांवरून अंगठा फिरवला, अंतरं तपासली.

"कसं आहे?" रेजिनाने विचारलं.

"K जरा खोल गेलाय. बाकी बरं आहे."

तिथून त्या हमरस्त्यावरच्या डायनरमध्ये गेल्या. वाढणाऱ्या बाईने विचारलं, नेहमीचं का, आणि न थांबता दोन वाट्या कालव्यांचं सूप आणून ठेवलं. रेजिना खात नव्हती. चमचा फिरवत होती.

"मा, एक विचारू? रागावू नकोस. वर्ष झालं. नाण्याचं एवढं झालं. तुला आत काहीच होत नाही का?"

आल्डोनाने सूपवर खारी बिस्किटं चुरली. प्रश्न खरा होता, म्हणून तिने त्याचा नीट विचार केला.

"अजून आलेलं नाही," ती म्हणाली.

"येईल?"

"येईल बहुतेक. घाई नाही मला."

रेजिनाने मान हलवली आणि खायला सुरुवात केली. बाहेर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा भोंगा अडकून वाजत राहिला होता. वाढणारी बाई दारापर्यंत जाऊन बघून आली आणि म्हणाली, निळी गाडी आहे, तुमची तर नाही ना? त्यांची नव्हती.